शाळेच्या नाटकाला गुण देताना नेमकं काय मोजतात?

फेब्रुवारीतला शुक्रवार. मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये म्युझिकलचा दुसरा प्रयोग चालू होता. दुसरा अंक उघडला आणि नायिकेचा माईक गेला. केसांच्या रेषेपाशी चिकटवलेला इवलासा माईक, कमरेला बांधलेला ट्रान्समीटर, आणि त्याची बॅटरी संपलेली. गाण्याची पहिली ओळ दहाव्या रांगेपर्यंत पोचलीच नाही. पण मुलगी थांबली नाही. गाता गाताच दोन पावलं पुढे आली आणि पोटातून आवाज काढला. संगीत शिक्षकांनी पिटमधल्या, म्हणजे रंगमंचापुढच्या खड्ड्यात वाद्यं वाजवणाऱ्या मुलांना तळहात खाली करून खूण केली, तशी वाद्यं एकदम दबली. माझी लेक तेव्हा विंगेत होती, अंगावर काळे कपडे, कानाला हेडसेट. गाणं संपल्यावर नायिका जेमतेम अर्धा मिनिट आत येते. तेवढ्यात हिने आणि अजून एका मुलाने मिळून बॅटरी बदलली आणि तिला परत बाहेर सोडलं.

त्या रात्री प्रेक्षकांत शालेय म्युझिकलच्या प्रादेशिक स्पर्धेचा एक परीक्षक बसलेला होता. दुसरा शनिवारी आला, तेव्हा सगळं सुरळीत पार पडलं. तिसरा रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला आला. पुढे नामांकनं जाहीर झाली, त्यात आमच्या नायिकेचं नाव नव्हतं. मुलं रडली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला होता. परीक्षक पक्षपाती आहेत, पलीकडच्या श्रीमंत गावाचीच शाळा दरवर्षी कशी जिंकते, सगळं आधीच ठरलेलं असतं. मीही त्यात दोन कडक मेसेज टाकले होते.

राग ओसरल्यावर मी या स्पर्धांच्या नियमावल्या वाचायला बसले. आमच्या भागातल्या, शेजारच्या राज्यांतल्या, मिळतील तेवढ्या. तरुणपणी महाराष्ट्रात एकांकिका स्पर्धा केल्यामुळे परीक्षक, गुण, निकाल आणि निकालानंतरची भांडणं हे सगळं मला नवीन नव्हतं. तरीही वाचता वाचता लक्षात आलं की अन्याय होतो हे खरं, पण आम्ही बोट दाखवत होतो तिथे तो फारसा होत नाही. इकडे मुलांना वाढवणारी बरीच मराठी घरं दर वसंतात या चक्रातून जातात, म्हणून हे सगळं नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

आधी ही यंत्रणा समजून घेऊ

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये, म्हणजे नववी ते बारावीत, वर्षातून एकदा तरी मोठं म्युझिकल बसवायची प्रथा आहे. आपल्याकडे संगीत नाटक म्हटलं की डोळ्यांपुढे पदं येतात. इथे गाण्याबरोबर नाच, मोठा कोरस, रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेला वाद्यवृंद आणि बदलती नेपथ्यं असा सगळा डोलारा असतो. साठसत्तर मुलं सहज गुंतलेली असतात. दोनतीन महिने शाळा सुटल्यावर रोज तालमी, आणि मग एका आठवड्याच्या शेवटी तीनचार प्रयोग.

या प्रयोगांना बक्षिसं देणाऱ्या प्रादेशिक स्पर्धा देशभर आहेत. पिट्सबर्गमध्ये १९९१ पासून जीन केली पुरस्कार दिले जातात. तो प्रख्यात नर्तक-अभिनेता त्याच शहरातला, म्हणून त्याचं नाव. न्यू जर्सीत मिलबर्नच्या पेपर मिल प्लेहाऊस या नाट्यगृहाचे रायझिंग स्टार पुरस्कार १९९६ पासूनचे. ह्यूस्टनमध्ये टॉमी ट्यून, शार्लटमध्ये ब्लूमी, कॅन्सस सिटीत ब्लू स्टार. बहुतेक ठिकाणी यामागे त्या त्या शहरातलं एखादं मोठं व्यावसायिक नाट्यगृह किंवा नाट्यसंस्था असते. ती आपले परीक्षक शाळाशाळांत पाठवते, नामांकनं काढते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर झोकात समारंभ करते.

या सगळ्यांच्या डोक्यावर २००९ पासून एक राष्ट्रीय स्पर्धा बसली. तिचं लाडकं नाव जिमी अवॉर्ड्स, ब्रॉडवेवरच्या नाट्यगृहांचे मालक जेम्स नेडरलँडर यांच्यावरून ठेवलेलं. देशभरातल्या पन्नासएक प्रादेशिक स्पर्धा आपापले दोन विजेते न्यूयॉर्कला पाठवतात. ही शंभरएक मुलं आठवडाभराहून अधिक काळ व्यावसायिक लोकांकडून शिकतात आणि शेवटी ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभी राहतात.

हे बक्षीस म्हणजे नुसता कागद नाही, म्हणून भांडण एवढं टोकाचं होतं. २०१८ चे दोन विजेते घ्या. अँड्र्यू बार्थ फेल्डमन पुढच्याच जानेवारीत, सोळाव्या वर्षी, ब्रॉडवेवर 'डिअर इव्हान हॅन्सन'ची मुख्य भूमिका करत होता. रेने रॅप २०१९ मध्ये 'मीन गर्ल्स'मध्ये उभी राहिली आणि आज ती पॉप गायिका म्हणून जगाला ठाऊक आहे. इव्हा नोब्लेझाडा २०१३ मध्ये अंतिम फेरीत पोचली, जिंकली नाही, पण तिथेच पात्रनिवड करणाऱ्यांच्या नजरेत भरली आणि वर्षभरात लंडनमध्ये 'मिस सायगॉन'ची नायिका झाली. सोळासतरा वर्षांच्या पोराला हे दिसत असतं. त्याच्या आईबापालाही दिसत असतं.

एकाच तराजूत चार वस्तू

'सर्वोत्कृष्ट म्युझिकल' हे शब्द ऐकायला सोपे वाटतात. पण परीक्षक प्रयोग बघतो तेव्हा त्याच्यासमोर मुलांची मेहनत असते, मुलांना मिळालेलं शिक्षण असतं, मोठ्या माणसांचं कसब असतं आणि पैसा असतो. चारही एकमेकांत इतके मिसळलेले असतात की वरणातून हळद वेगळी काढायला जावं तसं होतं.

नेपथ्याचंच बघा. एका शाळेत सुताराच्या वर्गातल्या मुलांनी फळ्या कापून, रंगवून जिना उभा केला. त्याला चाकं लावली, आणि एक चाक अडकतं म्हणून एका मुलाला जिन्याच्या पोटात बसवलं. दुसऱ्या शाळेने भाड्याने आणलं, कारण अशी तयार नेपथ्यं आणि कपडेपट पुरवणाऱ्या कंपन्या आहेत. मागचा सगळा पडदा प्रोजेक्शनने जिवंत करता येतो, तेही भाड्याने मिळतं. परीक्षकाला नेपथ्याच्या रकान्यात गुण द्यायचे आहेत. त्याने काय करावं? डोळ्यांना जे दिसलं त्याला गुण दिले तर भाड्याची पावती जिंकते. मुलांनी काय केलं याला द्यायचे, तर ते त्याला आठव्या रांगेत बसून कळणार कसं?

वाद्यवृंदाचंही तसंच. काही शाळांचा पिट पूर्ण विद्यार्थ्यांचा, काहींमध्ये निम्मे पगारी वादक, आणि काही शाळा ध्वनिमुद्रित साथीवर भागवतात. त्यातली मेख अशी की कच्च्या वादकांची जिवंत साथ गायक मुलांना खाली ओढू शकते आणि पगारी साथ त्यांना उचलून धरते. म्हणजे वादनावर खर्च केलेला पैसा अभिनेत्याच्या गुणांत जाऊन बसतो. नृत्य दिग्दर्शनाचं बक्षीस असतं, पण नृत्य कोणी बसवलं? शाळेच्या इतिहासाच्या शिक्षिकेने, की बाहेरून मानधन देऊन आणलेल्या व्यावसायिक माणसाने?

प्रयोगाचे हक्कही फुकट नसतात. प्रत्येक प्रयोगामागे परवाना कंपनीला रॉयल्टी द्यावी लागते, संहिता आणि वाद्यांची नोटेशनं भाड्याने घ्यावी लागतात. बिनतारी माईक हे तर स्वतंत्र प्रकरणच आहे. चांगल्या संचात बारकाईने जुळवलेले वीसपंचवीस माईक असतात. आमच्याकडे बारा आहेत. त्यातले दोन अंकाच्या मधोमध एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातात.

हा पैसा येतो कुठून, हे कळलं की वादाचं मूळ दिसतं. अमेरिकेत सरकारी शाळांचा मोठा खर्च गावातल्या घरांवरच्या मालमत्ता करातून निघतो. घरं महाग, तर शाळा श्रीमंत. न्यू जर्सीत यावर दशकानुदशकं खटले चालले. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यात निकाल दिला की गरीब शहरी शाळांमध्ये दर विद्यार्थ्यामागे होणारा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आला पाहिजे. फार मोठा निकाल होता तो. पण तो वर्गातल्या शिक्षणाबद्दल होता. म्युझिकलचा खर्च बऱ्याच ठिकाणी तिकिटं, कार्यक्रमपत्रिकेतल्या जाहिराती आणि पालकांच्या बूस्टर क्लबमधून, म्हणजे शाळेच्या उपक्रमांसाठी पैसा जमवणाऱ्या पालकांच्या मंडळातून, उभा राहतो. दंतवैद्य पालक पूर्ण पान जाहिरात देतात. ज्या गावात दोन पाळ्यांत काम करणारे पालक आहेत तिथे पानं कोण देणार? न्यायालयाचा हात तिथवर पोचत नाही.

आणि हे शाळेच्या खर्चाबद्दलच झालं. आठवीपासून खासगी गायन शिक्षक, नृत्याचा स्टुडिओ, उन्हाळ्यातलं नाट्यशिबिर हे ज्याच्या घरी परवडतं, तो मुलगा ऑडिशनलाच चार वर्षं पुढे असतो. त्याची मेहनत खोटी नसते. तो राबलेलाच असतो. पण त्याच वयाची जी मुलगी शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळते आणि तरीही कोरसमध्ये एकही तालीम चुकवत नाही, तिची मेहनत मोजायला गुणपत्रकात रकानाच नाही.

परीक्षकांचं गणित

व्हॉट्सॲप ग्रुपचा सगळा रोख परीक्षकांवर होता, म्हणून हा भाग जरा सावकाश बघू.

एखाद्या स्पर्धेत शंभरच्या आसपास शाळा असल्या तर त्यांचे बहुतेक प्रयोग फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतच्या शुक्रवार-शनिवारांत कोंबलेले असतात. एका माणसाला सगळे बघणं अशक्य. म्हणून परीक्षकांची फौज लागते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोड्याच शाळा येतात. प्रत्येक शाळेला तीन परीक्षक मिळाले, तरी आमचे तीन वेगळे आणि पलीकडच्या गावाचे तीन वेगळे.

आता समजा एक परीक्षक हात आखडून गुण देणारा आहे. त्याने पाहिलेल्या शाळांची सरासरी येते ६८. दुसरा मोकळ्या हाताचा, त्याची सरासरी ८४. पहिल्याने आमच्या शाळेला ७४ दिले, दुसऱ्याने पलीकडच्या शाळेला ८२. नुसते आकडे पाहिले तर पलीकडची शाळा आठ गुणांनी पुढे. पण आमची शाळा तिच्या परीक्षकाच्या सरासरीपेक्षा सहा वर आहे आणि पलीकडची तिच्या परीक्षकाच्या सरासरीखाली दोन. आता सांगा, चांगलं नाटक कुणाचं? कुणीही पक्षपात केलेला नाही, दोघांनीही प्रामाणिकपणे गुण दिले, आणि निकाल उलटा लागला.

यावर सोपा उपाय सुचतो की प्रत्येकाच्या सरासरीपासून किती वर-खाली, एवढंच मोजा. पण त्यात एक खड्डा आहे. पहिल्या परीक्षकाची सरासरी ६८ आली ती तो कडक आहे म्हणून, की त्याच्या वाट्याला खरोखरच कच्ची नाटकं आली म्हणून? त्याने पाचच नाटकं पाहिली असतील तर हे आकड्यांवरून ओळखता येत नाही. ओळखायचं असेल तर वेळापत्रक असं गुंफावं लागतं की प्रत्येक परीक्षकाची काही नाटकं दुसऱ्या परीक्षकांनीही पाहिलेली असतील. एकच नाटक दोघांनी बघितलं आणि एकाने ७० दिले, दुसऱ्याने ८५, की हाताचा फरक समोर येतो. अशी साखळी सगळ्या परीक्षकांत जोडली गेली तर हिशेब बराच सरळ होतो. हे करायला जास्त पैसा लागत नाही, वेळापत्रक लावणाऱ्याने चिकाटी धरायला हवी. माझ्या मते कुठल्याही पालकाने आयोजकांना विचारायचा पहिला प्रश्न हा आहे: आमचे परीक्षक आणखी कुणाकुणाचे परीक्षक होते?

नाटकाच्या निवडीचा प्रश्न याहून अवघड आहे. पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेत आधीच ठरलेला काठिण्याचा आकडा असतो आणि परीक्षकांच्या गुणांना त्याने गुणतात. अवघड उडी थोडी चुकली तरी सोप्या उडीच्या पुढे जाऊ शकते. म्युझिकलमध्ये असा तक्ता नाही. सुरांच्या विचित्र उड्या असलेलं नाटक घेणाऱ्या शिक्षकाला धाडसाचं बक्षीस मिळेल याची खात्री नसते, आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं, टाळ्या घेणारं नाटक घेणारा कधीच फार खाली जात नाही. असा तक्ता करायला गेलं तर नवं भांडण सुरू होईल हेही खरं. कारण अवघड म्हणजे नक्की काय? काही वेळा सरळ, साधं प्रेमगीत खरेपणाने गाणं सोळाव्या वर्षी सगळ्यात अवघड असतं.

आणि मग तो आमचा बंद पडलेला माईक. ज्या परीक्षकाने शुक्रवार पाहिला त्याने आवाजाला कमी गुण द्यावेत की मुलीच्या प्रसंगावधानाला जास्त? गुणपत्रकात 'आवाज ऐकू येणे' असा रकाना असतो. त्याने बहुधा तो प्रामाणिकपणे भरला.

दोनच जागा

राष्ट्रीय पातळीवरचा तिढा वेगळा आहे. प्रत्येक प्रादेशिक स्पर्धेतून दोघंच जातात, मग त्या स्पर्धेत शंभर शाळा असोत की वीस. अमेरिकेच्या सिनेटमध्ये अवाढव्य कॅलिफोर्नियाचे दोन आणि चिमुकल्या वायोमिंगचेही दोनच, तसंच हे. दाट वस्तीच्या, नाटकवेड्या भागात चौथी आलेली मुलगी दुसरीकडे पहिली आली असती. आणि ज्या भागात अशी स्पर्धाच नाही, तिथल्या मुलांना दारच नाही.

शिवाय कुठल्याही भूमिकेच्या जोरावर न्यूयॉर्कला जाता येत नाही. पात्र भूमिकांची ठरलेली यादी असते. मुख्य, भरीव, गाण्याने भरलेल्या भूमिका. याचा अर्थ ज्या नाटकात आठदहा जणांच्या वाट्याला सारखंच काम आहे, त्यातला उत्तम नट या वाटेने वर जाऊच शकत नाही. मग शिक्षकापुढे पेच पडतो. साठ मुलांना काहीतरी करायला मिळेल असं नाटक घ्यायचं, की दोन मुलांना न्यूयॉर्कला नेऊ शकेल असं? मी अशा एका शिक्षिकेला ओळखते. हक्कांच्या याद्या उघडून त्या रात्री उशिरापर्यंत बसतात आणि हाच हिशेब करतात. त्या दरवर्षी पहिलं उत्तर निवडतात. दरवर्षी कुणीतरी पालक त्यांच्यावर नाराज होतो.

सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि अभिनेत्री अशा बक्षिसाच्या दोन खणांत आपण बसत नाही असं म्हणणारी मुलंही आता पुढे येतात. काही प्रादेशिक स्पर्धांनी ते खण काढून टाकले आहेत.

कलाशाळांबद्दल पालकांची तक्रार जुनी आहे. रेने रॅप आणि इव्हा नोब्लेझाडा दोघीही शार्लटच्या एकाच सरकारी कलाशाळेतून, नॉर्थवेस्ट स्कूल ऑफ द आर्ट्समधून आल्या. तिथे ऑडिशन देऊन प्रवेश मिळतो. साध्या शाळेची त्यांच्याशी बरोबरी कशी करायची, हा प्रश्न रास्त आहे. पण ती शाळा सरकारी आहे, फी नाही, आणि ज्या मुलीच्या घरी खासगी शिकवणीचे पैसे नाहीत तिला तिथे रोज शिकायला मिळतं हेही तितकंच रास्त आहे. म्हणून 'कलाशाळांना बाहेर काढा' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. वेगळ्या गटात ठेवा म्हटलं तर पटतं.

खेळाने हे कधीच सोडवलं

खरं तर याच शाळांना गटांची कल्पना समजावून सांगायची गरजच नाही. न्यू जर्सीच्या शालेय फुटबॉलमध्ये आणि इतर खेळांमध्ये सरकारी शाळा पटसंख्येप्रमाणे गटांत विभागतात आणि खासगी शाळांचा विभाग वेगळा असतो. पाचशे मुलांच्या शाळेला दोन हजारांच्या शाळेसमोर उभं करून 'खेळा आता' असं कुणी म्हणत नाही. नाटकाच्या बाबतीत मात्र अनेक ठिकाणी सगळे एकाच रिंगणात असतात.

पिट्सबर्गच्या जीन केली पुरस्कारांनी यावर एक वाट काढली आहे. तिथे शाळा निर्मितीच्या खर्चाप्रमाणे गटांत विभागल्या जातात आणि सर्वोत्कृष्ट म्युझिकलचं बक्षीस प्रत्येक गटात वेगळं असतं. मला ही पद्धत फार पटते. पटसंख्येपेक्षा खर्च हा जास्त खरा निकष आहे. दोष तिच्यातही आहेत. खर्चात काय धरायचं? एखाद्या पालकाने फुकटात शिवून दिलेले चाळीस पोशाख शून्य डॉलरचे, पण शिवणकाम येणारी आणि वेळ असलेली पालक मंडळी असणं हीसुद्धा श्रीमंतीच. दहा वर्षांपूर्वी घेतलेली दिव्यांची यंत्रणा यंदाच्या खर्चात दिसतच नाही. तरीही काहीच न मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरी वाट अगदी वेगळी आहे. राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात १९९९ मध्ये, कोलोरॅडोतल्या कोलंबाईन हायस्कूलमधल्या गोळीबारानंतर, किशोरवयीन मुलांचं चांगलं काम लोकांपुढे यावं म्हणून बिल स्ट्रॉस आणि ज्युडी बाउन्स यांनी कॅपीज नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात परीक्षक विद्यार्थीच असतात. त्यांना समीक्षा लिहायचं शिक्षण मिळतं, ते एकमेकांच्या शाळांतली नाटकं बघतात, परीक्षण लिहितात आणि वर्षअखेरीस मतदान करतात. आपल्या शाळेला मत देता येत नाही. सतरा वर्षांचं पोर निष्पक्ष राहील का, अशी शंका येते. पण मला त्यातली एक गोष्ट भावते. दुसऱ्या शाळेच्या अंधाऱ्या सभागृहात बसून, त्यांच्या मुलांनी काय केलं हे नीट बघून शब्दांत मांडायचं काम या मुलांवर येतं. प्रतिस्पर्धी म्हणून बघणं आणि समीक्षक म्हणून बघणं यात फार फरक आहे.

इथे मला आपलं पुणं आठवतं. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची ख्याती अशी की तिथे झगमगाटाला किंमत नाही, लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय बघतात. कॉलेजात असताना त्यावर आम्ही कुरकुरायचो, प्रकाशयोजनेवर एवढी मेहनत घेतली तिचं काय म्हणून. आज इथे बसून कळतं की पैशाला दाराबाहेर ठेवायचा तो किती साधा आणि पक्का मार्ग होता. म्युझिकलला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण इथे पडद्यामागची मुलंही शिकत असतात आणि त्यांचं काम मोजलं जायलाच हवं. २०२२ मध्ये तिथल्या परीक्षकांनी एकाही संघाला करंडक दिला नाही तेव्हा केवढा वाद झाला होता. सगळ्यांत बरा कोण हे सांगायचं, की पुरेसा चांगला कोण हे सांगायचं, हा प्रश्न तिथेही होता आणि इथेही आहे.

मग बक्षिसं बंदच करावीत का?

असं म्हणणारे शिक्षक आहेत आणि त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकते. कलेला नंबर देऊ नयेत, मुलं एकमेकांकडे शत्रू म्हणून बघायला लागतात, नामांकन न मिळालेल्या साठ मुलांच्या आठवणीत नाटक हरलेलं राहतं. यातलं शेवटचं मी घरात पाहिलं आहे.

तरीही मी बंद करा म्हणणार नाही. आमच्या शाळेच्या प्रवेशद्वाराशी काचेचं कपाट आहे, त्यात फुटबॉल आणि कुस्तीच्या ढाली चमकत असतात. त्या शेजारी नाटकाचं एखादं पदक आलं की मुख्याध्यापकांची आणि शाळा मंडळाची भाषा बदलते, हे मी मंडळाच्या बैठकीत बसून ऐकलं आहे. अंदाजपत्रकात कपात करायची वेळ आली की सगळ्यांत आधी कलेवर कात्री चालते. तेव्हा 'आमच्या मुलांना नामांकन होतं' हे वाक्य कामाला येतं. ज्या शाळेकडे पैसा नाही तिला या वाक्याची गरज सगळ्यांत जास्त असते आणि तिलाच ते मिळणं सगळ्यांत अवघड असतं. माझा खरा आक्षेप इथे आहे.

म्हणून मला आयोजकांकडून तीनच गोष्टी हव्या आहेत. खर्चाप्रमाणे गट पाडा. बाहेरून काय आणलं आणि मुलांनी काय केलं हे एका पानावर लिहून परीक्षकाच्या हातात प्रयोगाआधी द्या, म्हणजे जिन्याच्या पोटात बसलेला मुलगा त्याला दिसेल. आणि परीक्षकांनी लिहिलेले शेरे निकाल काहीही लागो, सगळ्या शाळांना पाठवा. काही स्पर्धा पाठवतात. आमची पाठवते, हे मला जूनमध्ये कळलं.

नाटकाच्या शिक्षिकेने शेवटच्या आठवड्यात क्रूच्या, म्हणजे पडद्यामागच्या मुलांना बोलावून ते कागद वाचून दाखवले. शुक्रवारच्या परीक्षकाने आवाजाला कमीच गुण दिले होते. पण खाली मोकळ्या जागेत त्याने हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. दुसऱ्या अंकात माईक गेल्यावर मुलीने आणि वाद्यवृंदाने प्रसंग सांभाळला तो सांभाळलाच, पण ती पुढच्या प्रवेशाला परत आली तेव्हा आवाज पूर्ण होता, म्हणजे विंगेत कुणीतरी फार वेगाने काम केलं, ते जे कोणी असतील त्यांना माझ्यातर्फे सांगा.

लेकीने त्या कागदाचा फोटो काढून आणला. मूळ कागद शिक्षिकेने माईकच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, नव्या बॅटऱ्यांच्या खोक्याच्या अगदी वर.